इंजिन तयार होते, वाट नव्हती

१० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळूरु-बेळगाव वंदे भारत सुरू झाली, त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात इतिहासाऐवजी रेल्वेचाच तास झाला. कोणी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ दाखवत होते, कोणी तिकिटाचे दर सांगत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ''मॅडम, या गाडीला इंजिन कुठलं असतं?'' मी म्हटले, ''वेगळं इंजिन नसतंच रे. निम्म्या डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या असतात.'' तो ''हौदा?'' म्हणून खाली बसला आणि मला एकदम बाबांची आठवण झाली. ते असते तर म्हणाले असते, ''इंजिनाशिवाय गाडी? म्हणजे नवरदेवाशिवाय वरात!''

बाबा रेल्वेत फिटर होते. मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांवर त्यांनी कामाला सुरुवात केली आणि डिझेलवर ते निवृत्त झाले. विजेच्या इंजिनाला मात्र त्यांचा हात कधी लागला नाही. याची त्यांना खंत होती. माझ्या लहानपणी बेळगावहून पुण्या-मुंबईला निघालो की मिरजेला गाडी बदलावी लागे. मीटरगेज तिथे संपे आणि ब्रॉडगेज सुरू होई. पुढे पुणे आले की बाबा खिडकीतून वर बोट दाखवत, ''ती बघ तार. इथनं पुढं विजेचं इंजिन.'' डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून विजेवर पुणे-मुंबई धावते आहे. पण तार पुण्याच्या दक्षिणेला काही आपल्याकडे सरकली नव्हती. नव्वदीच्या दशकात आपले मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले, मिरजेची बदलाबदल संपली, तरी डोक्यावरचे आभाळ मोकळेच राहिले.

म्हणूनच २०१८ च्या दिवाळीत त्यांनी जो हट्ट धरला, त्याचे मला फारसे नवल वाटले नाही. माझी आत्या ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. लग्न होऊन गेल्यापासून तिच्या हातून भाऊबीज ओवाळून घ्यायचा योग बाबांना मोजून दोनदा आला होता. सणासुदीला रजा मिळणे हे रेल्वेच्या फिटरच्या नशिबात नसते. आई गेल्यानंतरची ती दुसरी दिवाळी होती. बाबा म्हणाले, ''या वर्षी ग्वाल्हेरला जाऊ.'' मी म्हटले, ''गोवा एक्सप्रेस थेट जाते, तिचीच तिकिटं काढते.'' त्यावर ते म्हणाले, ''काढ, पण दिल्लीपर्यंतची काढ. तिथनं परत ग्वाल्हेरला 'गतिमान'नं यायचं.''

गोवा एक्सप्रेस ग्वाल्हेरवरूनच दिल्लीला जाते, तीही भर रात्री. म्हणजे बहिणीचे गाव झोपेत ओलांडून पुढे जायचे, दिल्लीत मुक्काम करायचा आणि पुन्हा मागे यायचे. आत्याला फोनवर सांगितले तेव्हा ती चिडलीच, ''दादा, माझ्या दारावरनं पुढं जाणार तू? इंजिन बघायला?'' बाबा शांतपणे म्हणाले, ''इंजिन बघून आलो की तुझ्याकडेच आहे की.''

शुक्रवारी गतिमान नसायची आणि त्या वर्षी भाऊबीज नेमकी शुक्रवारी, ९ नोव्हेंबरला आली होती. म्हणून आम्ही लक्ष्मीपूजन दिल्लीच्या एका लॉजवर साजरे केले आणि ८ तारखेला, पाडव्याच्या सकाळी, हजरत निजामुद्दीन स्टेशनवर हजर झालो. आदल्या रात्रीच्या फटाक्यांनी हवा इतकी धुरकट होती की प्लॅटफॉर्मचे दुसरे टोक दिसत नव्हते. गाडी आठ वाजून दहा मिनिटांची. बाबांचे गुडघे दुखत होते, तरी सामान माझ्यापाशी ठेवून ते पुढच्या टोकाकडे चालू लागले. मीही सामान उचलून मागे गेले.

इंजिन पाहून माझी तर निराशाच झाली. जगात कौतुक होणाऱ्या गाड्यांसारखे नाकाड पुढे काढलेले काही नव्हते. साधा, चौकोनी तोंडाचा डबा. बाबा मात्र एखाद्या पाहुण्याला न्याहाळावे तसे त्याला न्याहाळत होते. बाजूला लिहिलेली अक्षरे त्यांनी मला वाचून दाखवली, डब्ल्यूएपी-५. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे पॅसेंजर, आणि त्या जातीतले हे पाचवे. खाली गाझियाबाद शेडचे नाव. ''आणि वजन बघ,'' ते म्हणाले, ''फक्त अठ्ठ्याहत्तर टन. राजधान्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ आहे ना, ते एकशे तेवीस टनांचं.''

लोको पायलट खिडकीत उभे होते. बाबांनी आपण रेल्वेचे निवृत्त फिटर असल्याचे हिंदीत सांगितले तेव्हा त्यांनी नमस्कार केला. इंजिनात कोणाला घेता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होते, त्यामुळे बाबांनी तसे विचारले नाही. त्यांनी एकच प्रश्न केला, ''ब्रश बदलने का काम तो इसमें है ही नहीं ना?'' पायलट हसले, ''नहीं बाबूजी, ब्रश ही नहीं है.''

डब्यात बसल्यावर मला या प्रश्नाचा अर्थ कळला. जुन्या विजेच्या इंजिनांत डीसी मोटारी असत. त्यांच्या फिरत्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे ब्रश लागत. ते घासून झिजायचे, ठिणग्या उडायच्या, ते वरचेवर तपासावे आणि बदलावे लागायचे. डब्ल्यूएपी-५ मध्ये थ्री-फेज एसी मोटारी आहेत. वरच्या तारेतली पंचवीस हजार व्होल्टची वीज आधी ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणायची, तिची डीसी करायची आणि पुन्हा हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज एसी बनवून मोटारींना द्यायची. फ्रिक्वेन्सी कमी-जास्त केली की वेग कमी-जास्त होतो. ब्रश नाहीत, त्यामुळे झीज कमी आणि मोटार लहान असून ताकद मोठी. शिवाय ब्रेक लावला की त्याच मोटारी जनित्र होतात आणि वीज परत तारेत जाते. ''म्हणजे उतारावर मिळवलेलं दुसऱ्या गाडीला दान,'' बाबा म्हणाले.

दुसरी गोष्ट त्यांनी हाताच्या मुठी करून समजावली. नेहमीच्या इंजिनात मोटारीचे अर्धे वजन थेट चाकाच्या आसावर टेकलेले असते. रुळाचा प्रत्येक सांधा त्या वजनाचा हातोडा खातो. वेग वाढला की हातोडाही वाढतो. डब्ल्यूएपी-५ मध्ये मोटार बोगीच्या सांगाड्याला पूर्ण टांगलेली असते आणि लवचिक जोडणीतून चाकाला फिरवते. त्यामुळे रुळावर मार कमी बसतो. वेगाचे खरे गुपित ताकदीत नसून या टांगणीत आहे, असे त्यांचे मत होते. आयुष्यभर चाकांखाली वाकून काम केलेल्या माणसाचे ते मत होते. मी ते वहीत लिहून ठेवले.

तुघलकाबाद मागे पडले आणि गाडीने पळ धरला. मी मोबाईलवर वेग पाहत होते. १३०, १४५, १५२ आणि मग १५९-१६० वर आकडा स्थिरावला. एका सेकंदाला चव्वेचाळीस मीटर, म्हणजे पाचशे मीटरचा प्लॅटफॉर्म अकरा-बारा सेकंदांत पार. लहान स्टेशनांची नावे वाचता येत नव्हती. बाबांनी मोबाईलकडे पाहिले नाही. त्यांनी चप्पल काढून पाय जमिनीला टेकवले होते आणि डोळे मिटले होते. मला वाटले, झोप लागली. पण ते म्हणाले, ''रूळ चांगला ठेवलाय.''

मला इतिहासाची सवय. मी विचारले, ''बाबा, हे इंजिन केव्हाचं?'' ''पहिली खेप १९९५ सालची,'' ते म्हणाले, ''एबीबी कंपनीची, स्वित्झर्लंडहून आलेली.'' स्विस रेल्वेच्या आरई ४६० या इंजिनाचे ते चुलत भावंड. सुरुवातीची दहा-अकरा इंजिने परदेशातून आली, तंत्रज्ञानही घेतले गेले आणि २००० साली पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्याने स्वतः बांधलेले पहिले डब्ल्यूएपी-५ बाहेर काढले. त्याचे नाव 'नवोदित'. याच चित्तरंजनमधून १९६१ मध्ये भारतात बांधलेले पहिले विजेचे इंजिन बाहेर पडले होते आणि त्याचे नाव 'लोकमान्य' होते. होमरूल लीगची स्थापना १९१६ साली ज्या गावात टिळकांनी केली, त्या आमच्या गावात विजेचे इंजिन यायला मात्र अजून अवकाश होता.

मी मनात हिशेब केला. ताशी १६० च्या वेगाचे इंजिन १९९५ मध्ये आले आणि गतिमान सुरू झाली ५ एप्रिल २०१६ रोजी. आपल्या कोकणचे सुरेश प्रभू तेव्हा रेल्वेमंत्री होते, त्यांनीच तिला निजामुद्दीनहून हिरवा झेंडा दाखवला. दिल्ली ते आग्रा १८८ किलोमीटर, शंभर मिनिटे. म्हणजे मधली एकवीस वर्षे हे इंजिन आपली पूर्ण चाल दाखवू शकत नव्हते. का?

एकेक कारण पाहिले की उलगडा होतो. जुने निळे डबे इतक्या वेगासाठी बनलेलेच नव्हते. १६० ला टिकणारे, डिस्क ब्रेकचे एलएचबी डबे जर्मन तंत्रज्ञानातून २००० च्या सुमारास आले. मग प्रश्न थांबण्याचा. वेग दीडपट झाला तर गाडी थांबवायला सव्वादोनपट शक्ती खर्च होते. म्हणजे पुढचा सिग्नल लाल आहे हे पायलटला कितीतरी आधी कळले पाहिजे आणि त्याच्याकडून चूक झालीच तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा हवी. मग रूळ, सांधे बदलणारे काटे, वळणांची बांधणी. आणि शेवटी माणसे व गुरे. रुळालगतच्या वस्त्यांतली माणसे आणि म्हशी हव्या तिथून रूळ ओलांडतात, तिथे कुंपण नको का? ३ जुलै २०१४ रोजी दिल्ली-आग्रा मार्गावर १६० ची चाचणी यशस्वी झाली, वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण प्रवाशांची गाडी सुरू व्हायला त्यानंतरही एकवीस महिने लागले. मधल्या काळात कुंपण, सिग्नल आणि संरक्षा आयुक्तांची मंजुरी अशी कामे चालली होती. त्यांचे मथळे होत नाहीत.

''इंजिन कितीही चांगलं असू दे,'' बाबा म्हणाले, ''रूळ म्हणेल तेवढंच धावायचं.'' आमच्याकडे कन्नडमध्ये 'निधानवे प्रधान' म्हणतात आणि मराठीत 'अति घाई संकटात नेई'. बाबांना दोन्ही म्हणी आवडत नसत. सबुरीने काम करणे वेगळे आणि काम न करता सबुरी सांगणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे.

आग्रा गेले. त्यापुढे वेग उतरला, धौलपूरनंतर चंबळचा पूल आणि दोन्ही बाजूंना मातीच्या घळी आल्या. हा आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्ग १८८१ सालचा, सिंदिया स्टेट रेल्वे म्हणून सुरू झालेला. शिंद्यांचे आणि रेल्वेचे नाते जुने आहे. देशातली पहिली शताब्दी एक्सप्रेस १९८८ मध्ये दिल्ली-झांशी अशी सुरू झाली, तेव्हा माधवराव शिंदे रेल्वेमंत्री होते. हीच गाडी पुढे भोपाळपर्यंत वाढली आणि गतिमान येईपर्यंत ताशी १५० च्या वेगाने देशात सर्वांत वेगवान ठरली. गतिमानही आधी आग्र्यापर्यंतच होती. २०१८ च्या फेब्रुवारीत ती ग्वाल्हेरपर्यंत आणि एप्रिलमध्ये झांशीपर्यंत वाढली, म्हणून तर आम्हाला ती आत्याच्या दारात घेऊन आली.

ग्वाल्हेरला दुपारच्या आत उतरलो. आत्या स्टेशनवर आली होती. ''किती वाजता निघालास?'' तिचा पहिला प्रश्न. ''आठ-दहाला.'' ''आणि बेळगावहून?'' बाबा हसले, ''ते नको विचारू.''

त्याच स्टेशनच्या एका अंगाला श्योपूरला जाणारी नॅरोगेज उभी होती. दोन फुटी रूळ, टपावरसुद्धा माणसे. शिंदे संस्थानच्या काळातली ही गाडी सुमारे दोनशे किलोमीटरला दहा-अकरा तास घेई. एका फलाटावर १६० ची गाडी आणि दुसरीकडे सायकलशी शर्यत करणारी. बाबा तिच्याही इंजिनापर्यंत चालत गेले आणि परत आल्यावर म्हणाले, ''हिचाही फिटर कामाचा असणार.'' ती गाडी २०२० मध्ये बंद झाली आणि त्या मार्गाचे ब्रॉडगेज हाती घेतले गेले. तेव्हा पाहिली हे बरे झाले.

भाऊबीजेला आत्याने ओवाळले. बाबांनी ताटात साडी ठेवली आणि बेळगावचा कुंदा. आत्याची सून तिकडची, तिने गजक दिली. आत्याच्या घरात बोलणे निम्मे मराठी, निम्मे हिंदी. आमच्या घरात निम्मे मराठी, निम्मे कन्नड. नातवंडे एकमेकांच्या भाषेला हसत होती. रात्री दोघे बहीणभाऊ ओसरीवर बसून लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्सचे दिवस आठवत होते. एवढा प्रवास केला तो यासाठी, आणि इंजिनाचे निमित्त होते, हे मला तेव्हा कळले. 'मला बहिणीला भेटायचे आहे' असे सरळ म्हणणे बाबांच्या पिढीला जमत नसे.

दुसऱ्या दिवशी जयविलास राजवाडा पाहिला. तिथल्या भोजनगृहात टेबलावर फिरणारी चांदीची छोटी रेल्वे आहे. जेवणाऱ्यांपुढे ती पेयांची भांडी घेऊन येते आणि भांडे उचलले की थांबते. बाबा तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. ''हिचा ब्रेक सगळ्यात चांगला,'' ते म्हणाले.

नंतर मी या इंजिनाची वाटचाल बाबांसाठी म्हणून कुतूहलाने पाहू लागले. संख्येत ते कधीच पहिले आले नाही. चारच आस असल्याने चोवीस डब्यांची गाडी जागची हलवताना त्याची पकड कमी पडते. तिथे सहा आसांचे, जड डब्ल्यूएपी-७ सरस ठरते. त्यामुळे देशभर शेकड्यांनी दिसतात ती डब्ल्यूएपी-७ इंजिने. पण ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या अमृत भारत गाड्यांना डब्ल्यूएपी-५ ची जोडीच लावली गेली, एक पुढे ओढायला आणि एक मागून ढकलायला, म्हणजे पकडही दुप्पट. या वेळी त्याला उतरते नाकही मिळाले. पहिल्या दोन गाड्यांतली एक मालदा ते बेंगळूरु. सामान्य माणसाची, बिगर-वातानुकूलित गाडी. श्रीमंती वेगासाठी आणलेले इंजिन मजुरांच्या गाडीला लागले, हे ऐकून बाबांना बरे वाटले असते.

बाबा २०२१ मध्ये गेले. त्यांनी बेळगाव स्टेशनवर धावती तार पाहिली नाही. १६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे-हुबळी वंदे भारत बेळगाववरून जाऊ लागली, ती विजेवर. १९३० मध्ये पुण्यात दिसणारी तार बेळगावात कामाला लागायला नव्वदहून अधिक वर्षे गेली. आता बेंगळूरुची गाडी सुमारे ६१० किलोमीटरला साडेआठ तासांच्या आसपास घेते. सरासरी काढली तर ताशी ७२. गतिमानची दिल्ली-आग्रा सरासरी ११३ होती. गाडी १६० ची, पण रूळ म्हणतो तेवढेच धावायचे. त्यामुळे वंदे भारत आली म्हणून काम संपले असे समजू नये. वळणे, फाटके, सिग्नल आणि कुंपण यांचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागेल. इंजिनाचे उद्घाटन एका दिवसात होते. वाटेला एकवीस वर्षे लागतात, कधी नव्वद.

माझी मुलगी बेंगळूरुला शिकते. मागच्या सुट्टीनंतर तिला सोडायला स्टेशनवर गेले होते. सामान डब्यात ठेवून झाले, गाडी सुटायला दहा मिनिटे होती. मी नकळत पुढच्या टोकाकडे चालू लागले. मुलीने दारातून हाक मारली, ''आई, कुठं चाललीस?'' इंजिन बघायला, असे ओठांवर आले होते. मग लक्षात आले, या गाडीला ते नसतेच. मी वर पाहिले. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर तार होती.